मोटरसायकलच्या सिलिंडर हेडचे नट आवळताना या चुका टाळा

सिलिंडर आणि हेडमधलं नवं गॅस्केट टाकूनही महिन्याभरात फिन्समधून (इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांतून) तेल पाझरायला लागलं, की खापर गॅस्केटवर फुटतं. खरा घोटाळा बहुतेकदा आवळण्यात झालेला असतो.

पान्यावर लावलेला साधारण निम्मा जोर नटाच्या बुडाशी घासण्यात जातो, चाळीसेक टक्के आट्यांत. हेड दाबायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणून आट्यांत कार्बन किंवा जुनं सीलंट असेल, तर टॉर्क रेंच (ठरवलेला पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, गाठला की इशारा देणारा पाना) ‘टक्’ वाजतो, पण हेड नीट बसलेलंच नसतं. उलट, मॅन्युअलमध्ये आटे कोरडे ठेवायला सांगितलेले असताना तेल लावलं, तर तेवढ्याच टॉर्कला स्टडवर (नट ज्यावर बसतो त्या आटेदार दांड्यावर) कितीतरी जास्त ताण येतो. मग स्टड खेचला जातो किंवा ॲल्युमिनियमचे आटेच निघून येतात आणि हेलिकॉइल (आटे नव्याने करणारी तारेची गुंडाळी) बसवायची वेळ येते. तेल लावायला सांगितलं असेल तिथे मात्र लावाच. बंद भोकात तेल साचू देऊ नका. बोल्ट आत जाताना ते दाबलं जातं आणि केसिंगला तडा जातो. आधी चष्मा लावा आणि एअर मारून भोक साफ करा.

इंदूरच्या मे महिन्यात पीथमपूरहून आलेली गाडी लगेच उघडायचा मोह आवरा. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे गरम इंजिनात स्टड आधीच ताणलेला असतो. त्या अवस्थेत टॉर्क दिला, तर थंड झाल्यावर पकड ढिली पडते. रात्रभर गार होऊ द्या.

चार मुख्य नट समोरासमोरच्या कोपऱ्यांनी, तीन फेऱ्यांत आवळा. मॅन्युअलमध्ये 24 न्यूटन-मीटर दिलं असेल, तर 8, 16, 24. एका बाजूने सलग कसत गेलात तर गॅस्केट एकीकडे चेपतं. टायमिंग चेनच्या बाजूचे 6 मिमीचे बोल्ट शेवटी, आणि तेही साधारण 10 न्यूटन-मीटरलाच. मुख्य नटांएवढा जोर लावला की हे हमखास तुटतात.

सियागंजातून टॉर्क रेंच घेताना त्याची रेंज बघा. 40 ते 200 न्यूटन-मीटरवाला इथे निरुपयोगी. 5 ते 60च्या आसपासचा, 3/8 इंची ड्राइव्हचा घ्या. एककांची गल्लत महागात पडते: 24 फूट-पाउंड म्हणजे 32.5 न्यूटन-मीटर, तर जुन्या मॅन्युअलमधलं 2.4 किलोग्रॅम-मीटर (kgf·m) म्हणजे 23.5 न्यूटन-मीटर. ‘टक्’ झालं की थांबा, खात्रीसाठी पुन्हा ओढू नका.

एखाद्या स्टडच्या भोकातून तेल वर जात असेल, तर तिथला डोम नट (वरून बंद असलेला) आणि तांब्याचा वायसर त्याच जागी परत गेला पाहिजे, आणि वायसर नवा. हेड नेमक्या जागी धरणाऱ्या दोन्ही डॉवेल पिना बसल्यात का, तेही हेड ठेवण्यापूर्वीच बघा.

काही किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क द्यायचा की नाही, हे मॅन्युअलवर सोडा; पोलादी पापुद्र्यांच्या गॅस्केटला सहसा गरज नसते. द्यायचा असेल तर थंड इंजिनावर, एकेक नट पाव फेरा ढिला करून. टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) त्यानंतरच तपासा.