कारखान्याचं एन्व्हायर्न्मेंट ऑडिट करायचंय? पाण्याच्या मीटरवर भर द्या

नवी मुंबईत रबाळे, महापे, पावणे, तुर्भे किंवा तिकडे तळोज्याला ज्यांचं छोटं-मध्यम युनिट आहे त्यांच्यासाठी लिहितोय. सप्टेंबर आला की फॉर्म ५ ची धावपळ सुरू होते, कारण मार्चला संपलेल्या वर्षाचं एन्व्हायर्न्मेंट स्टेटमेंट (पर्यावरणाचा वार्षिक अहवाल) याच फॉर्ममध्ये ३० सप्टेंबरपर्यंत एमपीसीबीला, म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला, द्यायचं असतं, आणि बरेच जण मागच्या वर्षीचेच आकडे थोडे वरखाली करून भरून टाकतात. प्लीज असं करू नका. त्या फॉर्ममध्ये पाणी आणि कच्चा माल दर युनिट उत्पादनामागे किती लागला ते दोन वर्षांचं शेजारी-शेजारी लिहायचं असतं, ते खरं भरलं तर ऑडिटचं अर्धं काम तिथेच होतं.

आधी कन्सेंट टू ऑपरेट, म्हणजे कारखाना चालवायला एमपीसीबीने दिलेली परवानगी, फाईलमधून बाहेर काढा. उत्पादन किती, सांडपाणी किती, इंधन कुठलं, चिमणीची उंची, एकेक अट वाचा आणि पुढे पुरावा लिहा. पुरावा सापडला नाही की तो गॅप, उगाच "चालू आहे" लिहून पुढे जायचं नाही.

मग पाण्याचा ताळेबंद. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. एमआयडीसीचं पाणी, टँकर, बोअर मिळून आत किती आलं ते एका बाजूला, आणि कूलिंग टॉवरची वाफ, बॉयलरचा ब्लोडाऊन (बॉयलरमधून मुद्दाम सोडलेलं क्षारयुक्त पाणी), मालात गेलेलं, कँटीन-टॉयलेट, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या) इनलेटला आलेलं ते दुसऱ्या बाजूला. समजा दिवसाला ५० घनमीटर आलं आणि हिशोब ४१ चाच लागला, तर उरलेलं ९ कुठे जातंय हे शोधल्याशिवाय थांबू नका, कारण ते एकतर जमिनीत मुरतंय नाहीतर ईटीपी चुकवून बाहेर जातंय. रविवारी प्लांट बंद असताना सकाळी आणि संध्याकाळी मीटर बघा, सगळे नळ बंद असूनही आकडा सरकला तर लीकेज नक्की.

जुलैत मुसळधार पाऊस चालू असताना एक राऊंड मुद्दाम मारा. ड्रम उघड्यावर असतील तर पावसाच्या गटारात तेलाचा तवंग दिसतो, आणि टीटीसीतले (रबाळे ते तुर्भे हा एमआयडीसीचा ठाणे-बेलापूर पट्टा) नाले शेवटी ठाणे खाडीलाच मिळतात. तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, त्यामुळे आपल्या गेटबाहेर काय वाहतंय याची काळजी आपणच करायला हवी.

हॅझार्डस वेस्ट, म्हणजे घातक कचरा, साधारणपणे ९० दिवसांच्या वर साठवता येत नाही. ईटीपीचा गाळ, वापरलेलं तेल यांचं रजिस्टर आणि मॅनिफेस्ट (कचरा बाहेर पाठवतानाची पावती) जुळवून बघा. ईटीपी वर्षभर चालला आणि गाळ मात्र नावालाच निघाला असेल तर डोसिंग (सांडपाण्यात रसायनं सोडणं) खरंच होतंय का ते तपासा. हे कागदावरून कळत नाही, नाईट शिफ्टच्या ऑपरेटरला नीट विचारा, "दादा, पंप बंद पडला की तुम्ही काय करता?" आणि तो सांगेल त्यावरून त्याला ओरडा बसणार नाही एवढं बघा, नाहीतर पुढच्या वेळी कोणी खरं सांगणार नाही.

वीज-इंधनाचं थोडक्यात: कॉम्प्रेसरची गळती आणि स्टीम ट्रॅप (वाफेच्या लाईनमधलं पाणी बाहेर काढणारे व्हॉल्व्ह) बघा, कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी) बॉयलरला परत आणा, फीड वॉटर (बॉयलरमध्ये जाणारं पाणी) साधारण ६ अंशांनी गरम झालं तर इंधन जवळपास १ टक्का वाचतं.

ज्या खात्याचं ऑडिट आहे त्याच खात्याच्या माणसाने ते करू नये, आयएसओ १४००१ (पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या अंतर्गत ऑडिटमध्येही ऑडिटर निष्पक्ष असणं अपेक्षित आहे. सापडलेल्या प्रत्येक मुद्द्यापुढे कारण, जबाबदार माणूस, तारीख आणि खर्च लिहा, बिनखर्चाची कामं त्याच आठवड्यात उरका. तीन महिन्यांनी परत मोजताना मीटर तोच ठेवा आणि पाणी-वीज दर टन मालामागे काढा, कारण ऑर्डर कमी असल्या तर एकूण वापर आपोआप घटतो आणि सुधारणा झाली असं उगाच वाटतं.