पार्टनरने हात मागे ओढला तर? ट्रॅपिंग ड्रिल शिकणाऱ्या नवीन पोरापोरींसाठी

मी जळगावात काही वर्षं ट्रेनिंग करतोय, आता संध्याकाळच्या नवीन बॅचला शिकवायला पण मदत करतो, आणि प्रत्येक बॅचमध्ये महिनाभरात कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच की दादा हे ट्रॅपिंग खऱ्या मारामारीत चालतं का, की नुसतं डेमोपुरतं आहे. प्रश्न एकदम बरोबर आहे आणि तो विचारल्यावर कोणी तुम्हाला गप्प बसवत असेल तर तिथेच सावध व्हा.

ट्रॅपिंग म्हणजे समोरच्याचा हात क्षणभर दाबून, अडकवून किंवा ओढून ठेवायचा आणि तेवढ्यात आपला फटका आत घालायचा. विंग चुन या चिनी युद्धकलेत पाक साव म्हणजे थाप मारून हात बाजूला दाबणं, लाप साव म्हणजे मनगट धरून ओढणं, आणि ची साव म्हणजे दोघांनी हात एकमेकांना चिकटवून फिरवत राहणं. फिलिपिन्सच्या काली या युद्धकलेतलं हुबुद, म्हणजे दोघांनी हाताला हात लावून आळीपाळीने करायचं ड्रिल, पण याच प्रकारातलं. ब्रूस ली हाँगकाँगला इप मान यांच्याकडे विंग चुन शिकला, पुढे अमेरिकेत जीत कुन दो ही स्वतःची पद्धत उभी करताना त्याने हल्ल्याचे पाच प्रकार मांडले आणि हात अडकवून मारणं हा त्यातला एक. पाचातला एक, हे डोक्यात ठेवा, कारण बऱ्याच ठिकाणी निम्मा क्लास याच्यातच जातो.

आता भांडण कशावरून आहे ते सांगतो. ड्रिलमध्ये पार्टनर ठोसा मारतो आणि हात तसाच हवेत ठेवतो, तुम्ही त्यावर थाप मारता, तो दुसऱ्या हाताने अडवतो आणि तोही तिथेच ठेवतो, मग तुम्ही दोन्ही हात एकावर एक दाबून धडाधड चार-पाच फटके मोजता, बघायला भारी वाटतं, व्हिडिओ पण मस्त निघतो. पण नीट ठोसा मारणारा माणूस हात तिथे ठेवतच नाही, ठोसा जातो तसाच परत हनुवटीपाशी येतो. डोळ्याने बघून साधी हालचाल करायलाही माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, तेवढ्यात तो हात घरी परतलेला असतो आणि तुमची थाप हवेत. म्हणून जे लोक म्हणतात की लांबून येणारा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) पकडून ट्रॅप करता येत नाही, ते माझ्या मते शंभर टक्के बरोबर आहेत.

मग ड्रिल टाकून द्यायचं का? नाही. ची साव आणि हुबुद मुळात डोळ्याचं काम नाही, स्पर्शाचं आहे. हात हाताला लागलेला असला की समोरच्याचा जोर कुठे चाललाय ते कातडीला आधी कळतं, स्पर्शावर माणूस डोळ्यापेक्षा थोडा लवकर प्रतिसाद देतो. म्हणजे ट्रॅपची जागा हात एकमेकांना भिडल्यानंतरची आहे. त्याने आडवा हात घातला, तुम्हाला ढकललं, कॉलर धरली, गळ्याला हात घातला, तेव्हा. तो हात मागे ओढत नाही कारण त्याला तिथे काहीतरी काम आहे. हा फरक ज्याला कळला त्याचं अर्धं भांडण मिटलं.

मला हे सगळ्यात स्वच्छ दिसलं ते एका पैलवानामुळे. अमळनेर तालुक्यातल्या एका गावचा, आखाड्यात वाढलेला, सहज म्हणून आमच्या क्लासला आला होता. मे महिना, पत्र्याचा हॉल, सगळ्यांच्या कोपरापासून घाम गळत होता. त्याला पाक सावचं ड्रिल दाखवलं, म्हटलं हात असा पुढे ठेव. त्याने एकदा ठेवला, दुसऱ्यांदा ठेवला, मग शांतपणे विचारलं, "मी काब्र हात तठे ठेवसू भो?" म्हणजे, मी हात तिथे का ठेवू भाऊ? एवढ्याशा वाक्यात त्याने सगळा वाद मांडला. मग त्याला म्हटलं की तुझ्या पद्धतीने कर, तर तो खडाखडीला, म्हणजे कुस्तीतल्या उभ्याने पकडीच्या झटापटीला, उतरला. कपाळ जवळ, एक पंजा समोरच्याच्या मानेवर, दुसरा मनगटावर, आणि आमचा चांगला तयार मुलगा ते मनगट सोडवू शकेना. सोडवायला त्याने जोर लावला की पैलवान तोच जोर वापरून त्याचा हात खाली झटकायचा आणि आत घुसायचा. घामाने पकड निसटायची, तर तो मनगट सोडून लगेच कोपराच्या वर धरायचा. त्याच्या तोंडी पाक साव नाही की लाप साव नाही, पण करत होता ते ट्रॅपिंगच, फक्त समोरचा पूर्ण ताकदीने विरोध करत असताना. आपल्या खान्देशात ही विद्या घराशेजारी आहे, चाळीसगाव तालुक्यातले विजय चौधरी २०१४, २०१५, २०१६ असे सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाले. जवळ तालीम असेल तर महिनाभर तरी जाऊन नुसती खडाखडी शिका, हे मी प्रत्येकाला सांगतो.

विरोध करणारा पार्टनर पाहिजे ही गोष्ट काही नवीन नाही. जुदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ ला जपानमध्ये कोडोकान ही जुदोची शाळा सुरू केली तेव्हा धोक्याचे डाव कातामध्ये, म्हणजे आधी ठरवून क्रमाने करायच्या सरावात, ठेवले आणि बाकीच्यांवर रांदोरी, म्हणजे खरोखर पाडापाडीचा सराव, यावर भर दिला. अलीकडे अमेरिकेतले मार्शल आर्ट प्रशिक्षक मॅट थॉर्नटन यांनी जिवंत सरावासाठी तीन गोष्टी सांगितल्या, टायमिंग, जोर आणि हालचाल. तुमच्या ड्रिलला हेच तीन प्रश्न लावून बघा. पार्टनर आपल्या वेळेने मारतो की तुमच्या मोजणीवर? त्याच्या हातात खरा जोर आहे का? पाय हलतायत का, की दोघं खांबासारखे उभे आहात?

सुरुवातीला सरळ साधं ड्रिल करायचंच, त्याशिवाय हाताला वाट कळत नाही, त्यात काही खोटं नाही. पण ते आठवडा-दोन आठवडे. नंतर पार्टनरला सांगा की मधूनच, न सांगता, हात मागे ओढ. ओढला की ट्रॅप सोडून द्यायचा आणि मोकळ्या रेषेतून सरळ मारायचं, गेलेल्या हाताच्या मागे धावायचं नाही. ते जमलं की त्याला दुसऱ्या हाताने मारायची सूट द्या. मग हलायची. मग ग्लोव्हज आणि माउथगार्ड घालून दोन मिनिटांचा राउंड, अट एकच, क्लिंचमधून, म्हणजे एकमेकांना जवळून धरलेल्या स्थितीतून, सुरू करायचं आणि ट्रॅप मारून एक तरी स्वच्छ फटका द्यायचा. इथे तुम्हाला दिसेल की पाच-सहा हालचालींची साखळी कुठल्याकुठे जाते, उरतो तो एक ट्रॅप आणि एक फटका, कधी नुसतं मनगट दाबून कोपर. एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) फाइट बघा, जाळीला टेकवून एक हात दाबून दुसऱ्याने मारतात, बॉक्सर क्लिंचमध्ये समोरच्याचा हात काखेत दाबून ठेवतो. तेच आहे, फक्त छोटं आणि कुरूप दिसतं.

मोठ्या ग्लोव्हजमध्ये मनगट नीट धरता येत नाही, त्यामुळे ट्रॅपिंगच्या राउंडला बोटं मोकळी असलेले एमएमएचे ग्लोव्हज घ्या. आणि कोणी म्हणालं की आमचं तंत्र इतकं घातक आहे की स्पारिंग करताच येत नाही, तर डोळ्यात बोटं घालणं सोडून बाकी सगळं करून दाखवा म्हणा, कारण मनगट पकडून ठेवणं काही घातक नसतं, ते विरोध होताना जमतं का एवढंच बघायचंय.

क्लास निवडताना फी विचारण्याआधी एक पूर्ण तास बाजूला बसून बघा. सिनियर मुलं ड्रिल करताना कोणाचा ट्रॅप फसतो का, आणि फसल्यावर सर काय करतात, एवढंच बघा. जिथे तासभरात एकही फसत नाही तिथे मी माझ्या धाकट्या भावाला घालणार नाही.

दोन गोष्टी तब्येतीच्या. नखं कापून या, उघड्या पंजाच्या ड्रिलमध्ये डोळ्याला ओरखडा सहज बसतो. आणि लाप सावमध्ये समोरच्याचा हात सरळ ताणलेला असताना कोपरावर झटका देऊ नका, सांधा उलटा वाकतो, दुखणं लवकर जात नाही. मनगट आपल्या बरगडीकडे ओढा, कोपर थोडं वाकलेलं राहू द्या, आणि पार्टनरने दोनदा थोपटलं की त्या क्षणी सोडा.