डिशवॉशर पाणी सोडत नाही: पंप तपासायचा कसा, बदलायचा कसा

डिशवॉशरच्या तळाशी खरकटं पाणी तसंच राहिलं की दोष सगळ्यात आधी पंपावर जातो. मेकॅनिकही फोनवरच "पंप गेला असणार" म्हणून मोकळा होतो, कारण त्याला कुडाळहून किंवा चिपळूणहून यायचं असतं आणि फेरी फुकट जाऊ द्यायची नसते. खरं तर पाणी उपसणारा हा छोटा पंप चांगलाच चिवट असतो. बहुतेक वेळा तो ठीक असतो आणि त्याच्या तोंडात किंवा पुढच्या नळीत आपल्याच जेवणातलं काहीतरी अडकलेलं असतं. म्हणून पंप बदलायचं काम या लेखात शेवटी येईल. त्याआधीचं सगळं करून बघितल्याशिवाय पंप मागवू नका. मशीन वॉरंटीत असेल तर जाळी आणि नळी तेवढी साफ करा, स्क्रूला हात लावू नका.

सुरुवात विजेपासून. मशीनचं बटण बंद केलं म्हणजे झालं, असं नाही. पिन सॉकेटमधून बाहेर काढायची. ती ओट्यामागे दडलेली असेल तर त्या लाइनचा एमसीबी पाडा आणि ती लाइन इन्व्हर्टरवर नाही ना, हे बघून घ्या. आपल्याकडे लाइट जाते-येते, त्यामुळे "आत्ता लाइट नाहीच आहे" या भरवशावर मशीन उघडणारे लोक आहेत. लाइट कधी येईल ते कोणी सांगितलंय? पाण्याचा नळ बंद करा आणि जाड रबरी हातमोजे घाला. तळाच्या खळग्यात फुटलेल्या ग्लासाचा कपचा असू शकतो.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. जाळीच्या खाली खळग्यात कपभर पाणी कायम राहतं. ते राहायलाच हवं, त्यानं पंपाचं सील ओलं राहतं. जाळीच्या वर पाणी दिसत असेल तरच पुढचं वाचा.

आवाज काय सांगतो

"पाणी घेता, पण सोडणा नाय" अशी तक्रार आली की पहिला प्रश्न विचारायचा: सोडायच्या वेळी आवाज कसा येतो? बॉश किंवा सीमेन्सच्या मशीनवर स्टार्टचं बटण साधारण ३ सेकंद दाबून धरलं की चालू प्रोग्राम रद्द होतो आणि पंप पाणी उपसायला लागतो. बाकीच्या कंपन्यांची पद्धत मशीनच्या पुस्तकात असते. त्या वेळी मशीनला कान लावा.

नुसता घुंऽऽ असा आवाज आणि पाणी हलत नाही, म्हणजे पंपाला वीज मिळते आहे पण पंखा अडकलाय. खडखड होत असेल तर आत काहीतरी कडक फिरतंय, नाहीतर पंख्याचं पातं तुटलंय. आवाज नेहमीसारखा आणि तरी पाणी जागेवरच असेल, तर नळी किंवा सिंकखालचा ट्रॅप (सांडपाण्याच्या पाइपाचा वळणदार भाग) तुंबलाय. काहीच आवाज नसेल तर दोष वायरीत, कॉइलमध्ये (पंपातलं तारेचं वेटोळं) किंवा कार्डात (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड). आणि मशीन पाणी सोडायला गेलं की घरचा ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) पडत असेल तर पंपाच्या कॉइलमध्ये ओल शिरल्याचा दाट संशय घ्या. बरीच मशीनं प्रोग्राम सुरू होताच आधी थोडं पाणी उपसतात, त्यामुळे हा ईएलसीबी अगदी सुरुवातीलाच पडतो आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

डिस्प्लेवर बॉश-सीमेन्समध्ये ई-२४ किंवा ई-२५ येतं, एलजीमध्ये ओई. ही अक्षरं एवढंच सांगतात की पाणी गेलं नाही. ई-२५ मात्र थेट पंपाकडे बोट दाखवतं: पंप अडकलाय किंवा त्याचं झाकण नीट बसलेलं नाही.

खळग्यात हात घालताना

खालची टोपली बाहेर काढा. साचलेलं पाणी वाटीनं उपसा, उरलेलं स्पंजनं टिपून घ्या. मधली गोल जाळी डावीकडे फिरवून वर उचला, तिच्याखालची चपटी जाळीही काढा. दोन्ही नळाखाली धरून जुन्या टूथब्रशनं घासा.

जाळी असूनही पंपापर्यंत काय काय पोचतं, हे कोकणातल्या स्वयंपाकघरात वेगळं सांगायला नको. बांगड्याचे काटे आडवे असतील तर जाळी अडवते, उभे असतील तर निसटतात. तिसऱ्यांच्या शिंपल्यांचे कपचे, कोलंबीची शेपटं, आमटीतली तिरफळं, सोलकढीच्या पातेल्याला चिकटलेला खोबऱ्याचा चोथा, आमसुलाची सालं. यातला चोथा सगळ्यात वाईट. तो एकटा काही करत नाही, पण मऊ भातात आणि माशाच्या तेलात मिसळून नळीच्या वळणावर बसतो आणि घट्ट होत जातो. काटे निदान हाताला तरी लागतात.

उन्हाळ्यात दोन गोष्टी आणखी येतात. फणस चिरलेली सुरी चीक न पुसता मशीनमध्ये टाकली की तो चीक गरम पाण्यानं सुटतो आणि जाळीला जाऊन चिकटतो. मग ब्रश घासून काही होत नाही, जाळी खोबरेल तेलानं पुसून परत साबणानं धुवावी लागते. दुसरी गोष्ट, कोकम सरबताच्या आणि लोणच्याच्या जुन्या बाटल्या नव्या मालासाठी धुवायला टाकणं. त्यांच्यावरच्या लेबलचा कागद लगदा होऊन थेट पंपात जातो. घरगुती उद्योग असेल त्यांनी लेबलं आधी भिजवून काढलीच पाहिजेत, यात तडजोड नाही.

आता खळग्याच्या एका बाजूला पंपाचं छोटं प्लास्टिकचं झाकण दिसेल. काही मशीनमध्ये ते चमच्याच्या दांड्यानं उचकटलं की निघतं, काहींत एक स्क्रू असतो. आत बॅटरीचा उजेड टाका. पंखा दिसला की लाकडी काडीनं हळू फिरवून बघा, बोटानं नको. तो सरळ गरगर फिरणार नाही, टक् टक् करत अडखळत फिरेल. हे बघून "पंप जाम आहे" असा निकाल देऊ नका. या पंपाच्या आत कायमचं चुंबक असतं आणि ते कॉइलच्या लोखंडाला धरून ठेवतं, म्हणून तो अडखळतो. पंखा सुरुवातीला थोडा मोकळा हलून मग अडखळला, तरी घाबरू नका. बऱ्याच पंपांत तो मुद्दाम तसा बसवलेला असतो, जागचं हलायला सोपं जावं म्हणून. अजिबातच हलत नसेल तेव्हा चिमट्यानं आतलं काढा. झाकण परत लावताना ते टक् करून बसलं पाहिजे. सैल राहिलं तर चांगला पंपही पाणी ओढणार नाही.

बादलीची परीक्षा

ही परीक्षा बहुतेक जण करत नाहीत आणि तिथेच पैसे जातात. सिंकखालच्या ट्रॅपला जोडलेली मशीनची नळी सोडवा आणि तिचं टोक बादलीत धरा. मशीनमध्ये दोन-तीन तांबे पाणी ओता, वीज जोडा आणि पाणी सोडायला लावा. बादलीत जोरदार धार आली तर पंप, नळी, कार्ड सगळं ठीक. दोष ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. ट्रॅप नवा बसवला असेल तर नळी जोडायच्या तोंडाच्या आतला प्लास्टिकचा पडदा प्लंबरनं कापलाय का, तेही बघा. तो राहून जातो.

धार बारीक असेल तर नळीच काढून साफ करा. मशीन मागे ढकलताना ती दुमडली नाही ना, उंदरानं कुरतडली नाही ना, बघा.

वाडीतल्या घरांची एक वेगळीच भानगड असते. पाणी वाया नको म्हणून नळीला लांबलचक पाइप जोडून तो परसातल्या केळीपर्यंत नेतात. या पंपाची ताकद साधारण ३० वॅटची असते. कंपनीनं पुस्तकात दिलेल्या लांबी-उंचीपलीकडे त्यानं पाणी ढकलावं, ही अपेक्षाच चूक. शिवाय घर उंच जोत्यावर आणि पाइपचं टोक खाली परसात, अशा वेळी उलटंच होतं. पाणी आपोआप ओढलं जातं, मशीन भरतं आणि रिकामं होतं, भरतं आणि रिकामं होतं. उपाय सोपा आहे. मशीनची नळी मागच्या बाजूनं ओट्याच्या उंचीपर्यंत वर घ्या आणि तिथे जाड, उभ्या पाइपात सैल सोडा, म्हणजे हवा शिरायला जागा राहील. तिथून पुढे पाणी आपल्या उतारानं जाऊ दे. आणि पाइपच्या उघड्या टोकाला जाळी बांधा. कुंभारीण माशीला चिखलाचं घर करायला असलं तोंड फार आवडतं.

पंपापर्यंत पोचताना

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि पंप तरी गप्प, तर मशीन उघडायचं. पिन परत बाहेर.

पंप कुठून हाती लागतो ते मॉडेलवर आहे: काहींत समोरची खालची पट्टी काढून, काहींत बाजूचा पत्रा काढून, काहींत मशीन आडवं करून तळातून. बॉशच्या मशीनचे स्क्रू बहुधा चांदणीच्या आकाराचे, टी-२० मापाचे असतात. साध्या स्क्रू ड्रायव्हरनं जबरदस्ती केलीत तर डोकी झिजतात. खाऱ्या हवेत गंजलेल्या स्क्रूवर आधी गंज सोडवायचा स्प्रे मारा, चहा पिऊन या, मग हात लावा. ओट्याखाली बसवलेलं मशीन असेल तर कडप्प्याला किंवा बाजूच्या कपाटाला मारलेले दोन स्क्रू सोडल्याशिवाय ते पुढे येणार नाही. आडवं करण्याआधी नळ्या सोडवा, टोपल्या काढा, खाली जुनी चादर घाला. मीठ घालायच्या डब्यात पाणी असतं, ते सांडू शकतं. पत्र्याच्या कडा धारदार असतात, हातमोजे काढू नका.

पंप मुठीएवढा असतो, खळग्याच्या बुडाला चिकटलेला, त्यावर दोन वायरींचं कनेक्टर. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. कनेक्टर काढला की पिना बघा. समुद्राजवळच्या घरांत त्या हिरवट झालेल्या दिसतील आणि कधी कधी सगळा दोष तेवढाच असतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, पुसून, परत घट्ट बसवून एकदा चालवून बघण्यात काही जात नाही.

मग मल्टीमीटर. वीज बंद, कनेक्टर बाहेर, मीटर ओहमवर, पंपाच्या दोन पिनांवर दोन टोकं. आपल्या २३० व्होल्टच्या साध्या पंपाला ढोबळमानानं १०० ते २५० ओहम दाखवायला हवेत. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली, शून्याजवळ असेल तर जळली. एक पिन आणि पंपाचं लोखंड यांच्यात काहीही आकडा आला तर वीज गळतेय, पंप बाद. इंटरनेटवरच्या पुष्कळशा व्हिडिओंत पंधरा-वीस ओहमला "बरोबर" म्हणतात. ते १२० व्होल्टचे अमेरिकी पंप असतात, त्यांचा हिशोब आपल्याला लागू नाही. पंपाला तीन वायरी असतील तर हे मोजमाप सोडून द्या, त्याचं काम वेगळं असतं.

नवा पंप

दाराच्या कडेवर चिकटवलेल्या पट्टीवरचा पूर्ण मॉडेल नंबर सांगूनच पंप मागवा. "अमुक कंपनीचा द्या" एवढं पुरत नाही. आला की जुन्याशेजारी ठेवा आणि व्होल्ट, हर्ट्झ (५० हवं), पिनांचा आकार, अडकवायच्या कानांची जागा जुळवा. पंख्याच्या आकारात फरक दिसला तर परत करा.

जुना पंप काढताना एक खटका दाबून तो साधारण पाव फेरा फिरवला की सुटतो, काहींत दोन-तीन स्क्रू असतात. सुटताना वाटीभर पाणी येतं, फडकं तयार ठेवा. त्याची बसायची जागा पुसून घ्या, तिथे चोथ्याचा एक कण राहिला तरी गळती होते. जुनी रबरी रिंग परत वापरू नका. नव्या रिंगला भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब लावा. हात खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जाईल, पण तेलानं काही रबरं फुगतात. पंप बसवा, उलटा फिरवून खटका वाजेपर्यंत नेऊन ठेवा. दोन वायरींच्या या पंपात कुठली वायर कुठे, याला महत्त्व नाही, कनेक्टर तसाही एकाच बाजूनं बसतो.

तळाच्या ट्रेमध्ये सांडलेलं पाणी नीट टिपून घ्या. तिथे पाणी राहिलं तर गळती ओळखणारा फ्लोट वर उचलला जातो आणि मशीन नवंच रडगाणं सुरू करतं. बॉशमध्ये ते ई-१५ असतं.

पत्रे लावण्याआधी मशीन उभं करून नळ्या जोडा, पंपाखाली वर्तमानपत्र पसरा, आत दोन-तीन तांबे पाणी ओता, वीज देऊन पाणी सोडायला लावा. या वेळी आत हात घालायचा नाही, नुसतं बघायचं. कागद कोरडा राहिला तर पिन काढून पत्रे लावा. मग रिकाम्या मशीनचा छोटा प्रोग्राम चालवा आणि तेवढा वेळ तिथेच थांबा.

नवा पंपही गप्प राहिला तर कार्डापासून येणारी वायर किंवा कार्डच गेलंय. ते काम मेकॅनिकचं. मात्र त्याला फोनवर काय काय तपासलं ते सांगा, म्हणजे तो योग्य सामान घेऊनच येईल.

बंद घरातलं मशीन

शिमग्यानंतर घर बंद करून मुंबईला गेलेल्यांचं मशीन गणपतीत उघडलं की पंप जाम सापडतो. खळग्यातलं पाणी आटतं, साबणाचा आणि क्षाराचा थर पंख्याला धरून ठेवतो. इथे पंप बदलायची घाई नको. खळग्यात कोमट पाणी आणि अर्धी वाटी व्हिनेगर ओतून दोन तास ठेवा, मग काडीनं पंखा सोडवा. पुढच्या वेळी निघताना जाळी धुऊन पूर्ण वाळवा, नळ बंद करा, पिन काढा, दार बोटभर उघडं ठेवा आणि नळीच्या टोकात फडक्याचा बोळा घाला, उंदरांसाठी. बोळा घातल्याची चिठ्ठी मशीनच्या दारावर चिकटवून जा, नाहीतर पहिल्याच दिवशी परत ई-२४.