अवधाण जांघेत, जखम पायात

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला मेडिसीन वॉर्डात पोस्टिंग होतं. शिरोळकडचे एक मामा थंडीताप घेऊन ॲडमिट झालेले. मी पुस्तकातल्या क्रमानं हृदय, नाडी, लसिकाग्रंथी तपासत होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "जांघेत अवधाण आलंय बघा, बाई." शब्द आजीच्या तोंडी ऐकलेला. दाबून बघितलं, गाठ दुखरी होती. केसशीटवर 'उजव्या जांघेत दुखरी गाठ' लिहिलं आणि पुढच्या कॉटकडं वळले.

इन्चार्ज सिस्टरांनी ते वाचलं. "पाय बघितलास?"

नव्हता बघितला. त्यांनी ग्लव्हज घातले, चादर बाजूला केली, उजव्या पायाची करंगळी आणि शेजारचं बोट फाकवलं. मधली कातडी पांढरी पडून चिरलेली. चिखल्या! मामा आठवडाभर उसाला पाणी पाजत होते. घोट्यापासून आतल्या अंगानं वर चढलेली लाल रेघ चादरीखाली तशीच.

पायाचा लिम्फ, म्हणजे लसिका नावाचा पातळ द्रव, जांघेतल्या गाठींत जातो, हाताचा काखेत, दात-घशाचा जबड्याखाली. म्हणून गाठ लागली की तिच्या हद्दीतली कातडी शोधायची. बोटांच्या पेरांनी, हलक्या हातानं, गोल फिरवत तपासा. जोर दिला तर गाठ निसटते. साधारण १ सेंटीमीटरच्या आतली, मऊ, सरकणारी गाठ सहसा काळजीची नसते. दुखरी असली की बहुतेकदा इन्फेक्शन. टणक, न दुखणारी, आत चिकटलेली असेल किंवा गळ्याच्या हाडावर लागली, तर डॉक्टरांना त्याच ड्यूटीत सांगा.

सूज विचारताना 'पायाला सूज येते का' म्हणू नका. निम्मे लोक नाही म्हणतात. "संध्याकाळी चप्पल घट्ट होते का?" असं विचारा. कोल्हापुरी घालणाऱ्याच्या पावलावर पट्ट्याचा वळ दिसतो, बाईची जोडवी रुतलेली असतात. मग नडगीच्या हाडावर अंगठा थोडा वेळ दाबून ठेवा. खड्डा २ मिलिमीटरचा असेल तर सूज 'एक प्लस' लिहायची, ८ चा असेल तर 'चार प्लस'. दोन्ही पाय सुजले असतील तर हृदय, किडनी, लिव्हर डोक्यात ठेवा. एकच पोटरी अचानक सुजून दुखत असेल तर शिरेत गुठळी असू शकते. ती चोळायची नाही, नातेवाइकांनाही चोळू द्यायची नाही. टेपनं दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोजून आकडे लिहा. मिठाचं विचारलं की सगळेच "कमी केलंय" म्हणतात. डबा उघडला की खर्डा निघतो.

नाडीत मात्र घाई नडते. १५ सेकंद मोजून चारनं गुणायची सवय सगळ्यांनाच लागते. ठोके अनियमित असतील तर हा हिशेब खोटा पडतो. पूर्ण मिनिट मोजा, तेही हृदयावर: डावीकडं, गळ्याच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर, पाचव्या-सहाव्या फासळीच्या मधल्या जागेत. शक्य असेल तर त्याच मिनिटाला दुसरीनं मनगट धरावं. हृदयावर ९८ आणि मनगटावर ८४ आले तर १४ ठोके मनगटापर्यंत पोचलेच नाहीत, तो फरक लिहायचा. उलट, तालमीतल्या पोराची नाडी ४८ बघून मी एकदा पळत सुटले होते. तो निवांत केळं खात होता. चक्कर नाही, बीपी ठीक. रोज मेहनत करणाऱ्यांची नाडी अशी संथ असते. तरी डॉक्टरांना सांगितलंच.

आणि स्तनाचं ऑपरेशन करून काखेतल्या गाठी काढलेल्या बाईचा त्या बाजूचा हात बीपीसाठी घेऊ नका. विचारल्याशिवाय ती सांगत नाही.

मामांची लाल रेघ जिथं संपत होती तिथं सिस्टरांनी मला पेननं आडवी खूण करायला लावली, शेजारी वेळ. इंजेक्शनं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी लाली खुणेच्या चार बोटं खाली आलेली. मामा विचारत होते, "खूण पुसायची न्हाई म्हणता, मग आंघोळ कवा करायची, बाई?"