फ्लॅटमधल्या पिल्लाला शी-शूची जागा कशी शिकवाल

घरी येणारं कुत्र्याचं पिल्लू बहुतेक वेळा दोन महिन्यांचं असतं. झोपेत ते दोन-तीन तास शू धरतं. जागं असताना एक तासही धरवत नाही. म्हणून घड्याळ आपण सांभाळायचं. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर ५ ते ३० मिनिटांत, खेळून झाल्यावर आणि रात्री निजण्याआधी त्याला जागेवर न्यायचं. सुरुवातीचे काही आठवडे मध्यरात्री गजर लावून उठावंच लागतं.

लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईस्तोवर, त्याला सोसायटीच्या आवारात खाली सोडू नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. तोवर गॅलरीचा एक कोपरा ठरवून रद्दीचे पाच-सहा थर अंथरा. रद्दी बदलताना शूचा वास असलेला एक तुकडा नव्या थरावर ठेवा. सगळं चकाचक केलं की पिल्लाला जागा सापडत नाही, आणि इथेच बरेच जण चुकतात.

खेळता खेळता मध्येच थांबलं, नाक फरशीला लावून गोल गोल फिरू लागलं, की लगेच उचला. कोपऱ्यात ठेवून 'शू कर' एवढंच म्हणा आणि पाच मिनिटं गप्प उभे राहा. शू झाली की तिथल्या तिथे उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा द्या. हॉलमध्ये परत आल्यावर दिलात, तर तो कशासाठी मिळाला हे त्याला कळत नाही. झालीच नाही, तर पट्टा लावून जवळ ठेवा आणि दहा मिनिटांनी पुन्हा न्या.

फरशीवर झालं तर मारू नका, नाक तर अजिबात घासू नका. त्यातून ते एवढंच शिकतं की माणसांसमोर शू करायची नाही. मग सोफ्यामागे ओलं सापडू लागतं.

पुसण्यासाठी फिनेल नको. त्याने आपल्याला वास येईनासा होतो, पिल्लाला येतच राहतो. शिवाय पंजे चाटताना ते पोटात जातं. आधी कोरड्या कपड्याने टिपून घ्या, मग एन्झाइमवालं क्लीनर (शूच्या वासाचं मूळच मोडणारं) ओतून १०-१५ मिनिटं राहू द्या. ते नसेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. मात्र संगमरवर किंवा शहाबादी फरशीवर नको, डाग पडतात.

शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडू नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. आणि जागा शिकलेलं पिल्लू अचानक दर थोड्या वेळाने थेंब-थेंब करू लागलं, तर ओरडण्याआधी डॉक्टरकडे न्या. मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असू शकतो.

लसी झाल्या, की वासाचा तोच कागद पहिल्या दिवशी खाली न्या आणि झाडाच्या बुंध्याशी ठेवा.