नी-जर्क ‘अ‍ॅबसेंट’ लिहिण्याआधी या चुका टाळा

नाशिकमध्ये वॉर्डात केस घेणारे मेडिकलचे विद्यार्थी नी-जर्क (गुडघ्याच्या वाटीखाली हातोडीने ठोकल्यावर पाय आपोआप उडणं) मिळाला नाही की ‘अ‍ॅबसेंट’ लिहून मोकळे होतात. त्यातले बरेच जर्क असतात, फक्त नीट काढलेले नसतात. त्या एका शब्दापायी गरीब पेशंटच्या मागे एमआरआय लागू शकतो, म्हणून हे कळकळीने लिहितोय.

सगळ्यात जास्त घोळ मांडी ताठ राहिल्याने होतो. सुरगाण्याहून आलेल्या आजोबांना नुसतं ‘रिलॅक्स’ म्हटलं तर ते पाय आणखी आवळतात. ‘बाबा, पाय सैल सोडा, सगळा भार माझ्या हातावर टाका’ असं सांगा. गुडघ्याखाली हात घालून पाय उचला. हाताला जड लागला तरच तो सैल पडलाय. बसवून तपासताना तळवे जमिनीला किंवा स्टुलाला टेकू देऊ नका.

मांडी उघडी हवीच. पाय किती उडाला यापेक्षा मांडीचा स्नायू आकसला का, हे बघायचं असतं. गुडघा दुखरा, आखडलेला असेल तर पाय हलतही नाही, पण मांडीवर ठेवलेल्या हाताला आकसणं कळतं. बायकांच्या वॉर्डात आधी विचारा, पडदा ओढा, सिस्टरना सोबत घ्या.

वाटीवर ठोकू नका. वाटी आणि नडगीचा उंचवटा यांच्यामधली टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) अंगठ्याने चाचपून घ्या. हॅमर (तपासणीची हातोडी) दांड्याच्या टोकाशी सैल धरा आणि मनगटातून पडू द्या. घाबरत मारलेल्या टिचक्यांनी काही येत नाही.

तरीही आला नाही, तर बोटं एकमेकांत अडकवून ओढायला लावा. इथेही चुकतं: आधीपासून ओढून ठेवायला सांगतात. परिणाम क्षणभरच टिकतो, म्हणून ‘ओढा’ म्हणताच ठोका. असा मिळालेला जर्क ‘ओढायला लावून मिळाला’ असाच नोंदवा. आरोग्य विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलला परीक्षक हे विचारू शकतात.

डावा-उजवा एकाच पोझिशनमध्ये, एकापाठोपाठ तपासा. घाबरलेल्या तरुण पेशंटमध्ये दोन्हीकडे जोरात येणारा जर्क नॉर्मल असू शकतो. दोन बाजूंतला फरक मात्र सोडू नका.

आणि अँकल-जर्क (घोट्याचा असाच जर्क) बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. डायबेटिसच्या न्यूरोपथीत (नसांच्या आजारात) साधारणपणे आधी घोट्याचा जर्क जातो, गुडघ्याचा नंतर. घोट्याचा शाबूत आणि गुडघ्याचा गायब असेल तर पुन्हा तपासा. तरीही एकाच बाजूला येत नसेल आणि मांडी बारीक, कमजोर असेल, तर फीमोरल नर्व्ह (मांडीची नस) किंवा कमरेतल्या एल 3-एल 4 या नसांच्या मुळांचा विचार करून सिनिअरना दाखवा.