मूर्तीसमोर वही उघडून बसताना

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी मार्कंडादेवचा मंदिरसमूह आहे. कथा लिहायला शिकू पाहणाऱ्यांना मी आधी तिथे जायला सांगतो, मात्र महाशिवरात्रीच्या जत्रेचे दिवस टाळून, कारण एका मूर्तीसमोर अर्धा तास निवांत बसता येणे हाच या सरावाचा पाया आहे.

सगळे मंदिर पाहून घेण्याचा मोह आवरावा आणि एकच मूर्ती निवडावी. मोबाइल पिशवीतच राहू द्यावा. फोटो निघाला की डोळा निश्चिंत होतो. पहिली १५ मिनिटे जे दिसते तेवढेच वहीत उतरवावे आणि ‘सुंदर’, ‘मोहक’, ‘अप्रतिम’ या शब्दांना त्या पानावर थारा देऊ नये. एकदा मी बाहेरच्या भिंतीवरील एका सुरसुंदरीसमोर, म्हणजे दगडात कोरलेल्या अप्सरेसमोर, बसलो होतो. तिचा उजवा हात कोपरापासून तुटलेला, गुडघ्याजवळचा दगड काळवंडलेला, कमरेच्या मेखलेच्या खाचेत कोळ्याने जाळे विणलेले, एवढे लिहून झाल्यावर तिच्या पायाचा किंचित उचललेला अंगठा ध्यानात आला. ती नुसती उभी नव्हती, निघण्याच्या बेतात होती. माझी कथा त्या अंगठ्यापासून सुरू झाली.

पुढची पायरी प्रश्नांची. तुटलेल्या हातात काय असावे, ती कोणाकडे पाहते आहे, घडवणाऱ्याने कोणता भाग कंटाळून उरकला आणि कुठे जीव ओतला, यांपैकी एकच प्रश्न धरून त्याची तीन उत्तरे लिहावीत. पहिले उत्तर बहुधा ऐकीव असते, म्हणून ते सोडून द्यावे. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७० च्या दशकात या मंदिरांची पाहणी केली होती; त्यांचे किंवा इतर कोणाचेही वर्णन पहिला मसुदा झाल्यावरच वाचावे, कारण माहिती आधी हाती आली तर कथेऐवजी टिपण तयार होते, असा माझा अनुभव आहे.

मार्कंड्याला जाणे जमत नसेल, तर तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे विदर्भातल्या मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी पुढ्यात घ्यावा. त्याला उलटा करून पोटाखालची रंग न लागलेली जागा आणि वाढयाच्या (सुताराच्या) पटाशीच्या खुणा पाहाव्यात. तो ओढणाऱ्या पोराच्या नजरेतून एक परिच्छेद लिहावा आणि तो घडवणाऱ्या वाढयाच्या नजरेतून दुसरा. निवेदन प्रमाण मराठीत ठेवले तरी पात्रांच्या तोंडी आपल्या भागातील झाडीबोली किंवा वऱ्हाडीच यावी. पुस्तकी बोलणे त्यांच्या तोंडी बसत नाही.

सकाळी पाहिलेली मूर्ती महिन्याभराने उतरत्या उन्हात पुन्हा पाहावी, आणि जाताना पहिला मसुदा घरीच ठेवावा.